कुंपणावरून: पेठचं शिबिर

अहो वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण आधी एक सांगा. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला पेठ तालुक्यातल्या पाड्यावर आरोग्य शिबिर घेताय म्हणे? भाजीवाली सांगत होती. तिला कुठून कळलं ते मला विचारू नका, या कॉलनीत बातमी आणि मेथी एकाच हातगाडीवर येते.

चांगलंच आहे हो, वाईट कोण म्हणतंय! पण मी पेठ-सुरगाण्याकडे नर्सबाई म्हणून नोकरी काढलेली बाई. अशी शिबिरं पोत्यानं पाहिलीत. सकाळी दहाला गाड्या येणार. बॅनर, हार, नारळ. डॉक्टर म्हातारीला विचारणार, काय होतंय आजी? ती म्हणणार, अंग दुखतं. दुखेल नाही तर काय, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरी करून आलेली असते ती. मग पिवळ्या गोळ्या, टॉनिकची बाटली, सगळ्यांचा एक फोटो, आणि उन्हं उतरायच्या आत गाड्या सावळघाट ओलांडून नाशकात. त्याच रात्री एखादं बाळ धापा टाकायला लागलं की धावायचं कुणाकडे? भगताकडे. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तो निदान हाकेला ओ देतो.

आपलीही गंमत बघा. 1998 साली निघालेलं अख्ख्या महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकात, म्हसरूळला, आणि याच जिल्ह्यात अडलेली बाई अजून डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावी लागते.

काय म्हणालात? मग करायचं काय? ऐका तर. जामखेड ऐकलंय ना, नगर जिल्ह्यातलं? तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको आले. वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेला जाऊन आलेले. दवाखाना थाटून बसले असते तर कोण विचारणार होतं? पण दुष्काळाचे दिवस. लोक म्हणाले, डॉक्टर नको, आधी पाणी बघा. मग बोअरिंग आलं. आणि यांची हुशारी अशी, की पाण्याची जागा दलित वस्तीतच निघेल अशी तजवीज केली. उरलेल्या गावाला घागर घेऊन तिथेच यावं लागलं! भाषण नाही, मोर्चा नाही. मला बाई ती युक्ती फार आवडते.

आणि पुढचं तर आम्हा नर्सबायांवरच आहे. सुरुवातीला त्यांनी गावोगाव शिकलेल्या नर्सबाया ठेवल्या. एकही टिकेना. पोरी घाबरायच्या, गाव त्यांना आपलं म्हणेना. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडून द्यायची असं ठरलं. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, बहुतेकींना अक्षरओळख नाही. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन तेच करायच्या. 1971 साली तिथे जन्मलेल्या हजार बाळांतली 176 वर्षाच्या आत दगावत होती. वीस-बावीस वर्षांत तो आकडा विसाच्या आत आला. 1979 मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे मिळालं. पुढे सरकारनं 2005 पासून गावोगाव ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या, त्यामागे अशाच कामांचा धडा आहे.

नाही हो, निरक्षर बाईला काय कळणार असं म्हणू नका. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं काय केलं बघा. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे श्वास मोजून कळतं. पण बायकांना साठपर्यंत मोजता येईना. मग लाकडाच्या चौकटीत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी तारेत मणी ओवले. बाळाच्या पोटाकडे बघत राहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की औषध सुरू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची रांग वेगळी, मोठ्याची वेगळी. झालं! पुढे गावच्याच बाया घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना जपायला लागल्या, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांना मान्य करावं लागलं. आता आशाताई बाळंतिणीकडे 42 दिवसांत सहा-सात फेऱ्या मारते, झोळीच्या काट्यावर बाळ तोलते, ते सगळं तिकडूनच आलंय.

लांब कशाला जाता? आपल्या दिंडोरीला डॉ. श्याम आणि डॉ. रत्ना अष्टेकरांनी दवाखाना चालवत याच विषयात आयुष्य घातलं. डॉ. श्याम यांनी खेड्यातल्या आरोग्यकार्यकर्त्याला कळेल अशा भाषेत जाडजूड पुस्तक लिहिलं, ‘भारतवैद्यक’. डॉ. ध्रुव मंकडांची ‘वचन’ संस्था इगतपुरी-त्र्यंबककडच्या पाड्यांवर. यांचे मंडप दिसायचे नाहीत तुम्हाला कुठे.

पैसे कुणाला द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कुणाची दलाल नाही. पण चेक फाडण्याआधी त्या संस्थेला एवढं विचारा, रात्री दोन वाजता तुमचं माणूस पाड्यापासून किती लांब असतं? आणि पाड्यावर काम करणाऱ्या बाईला मानधन वेळेवर मिळतं का? तिच्याकडे थर्मामीटर, वजनकाटा, औषधं आहेत का? सासूबाईंचं नाव द्यायचंच असेल तर एका बाईचा वर्षभराचा खर्च त्यांच्या नावानं उचला.

काय? भाऊजींनी मंडप सांगून टाकलाय? आगाऊ किती दिले? पाचशेच ना! मग बुडू देत की. नाहीतर त्याच दिवशी माझ्या नातवाची मुंज आहे, मंडप इकडे वळवा.