शुक्रवारचे अडीच तास
(एका खासदारास अनावृत पत्र)

मा. खासदारसाहेब,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आपले अभिनंदन करावयाचे आहे. बसस्थानकासमोरच्या चौकात आपला फ्लेक्स लागला आहे. आपण हात जोडून उभे, मागे नवे संसद भवन आणि खाली ठळक अक्षरांत : ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणासाठी ऐतिहासिक विधेयक लोकसभेत सादर!’ शुभेच्छुकांच्या रांगेत आपल्या तालुक्यातले दोन मुकादमही आहेत, हे पाहून तर ऊर भरून आला.

विधेयक मी वाचले. चांगले आहे, आणि म्हणूनच काळजी वाटते. दसरा झाला की टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, त्यामुळे नवरा-बायकोच्या प्रत्येक कोयत्याला जावेच लागते, आणि कोयत्यामागे पोरांनाही. पोराचे नाव गावच्या शाळेच्या पटावर, पोर मात्र तीन जिल्हे पलीकडे फडात धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले. पोर जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला सामावून घ्यावे आणि त्याचा खर्च केंद्राने उचलावा, असे आपण नऊ कलमांत मांडले आहे. सरकारी विधेयकांत असे सरळ लिहिता येत नाही.

आपण ते मांडलेत तो क्षणही मी टीव्हीवर पाहिला. क्षणच होता तो. तालिका अध्यक्षांनी नाव पुकारले. आपण उठलात, विधेयक मांडण्याची अनुमती मागितलीत, सभागृहाने ‘हो’ म्हटले, आपण ‘मांडतो’ म्हणालात आणि बसलात. अर्धे मिनिट लागले असेल. आपल्यामागे आणखी बरेच जण रांगेत होते. कुणाचे नाव पुकारावे तर बाक रिकामा, मग पुढचे नाव. या घडीला सहसा कुणी विरोध करत नाही, असा शिरस्ता आहे. त्यामुळे कुणाचाच हिरमोड होत नाही आणि प्रत्येकाच्या मतदारसंघात फ्लेक्सची सोय होते. त्यासाठी आपण महिनाभर आधी नोटीस दिलीत, उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेत, खर्चाचे वित्तीय ज्ञापन जोडलेत. बारशाचा खर्च झाला आहे. पुढचे बघू.

पुढे सोडत आहे. मंत्री नसलेला प्रत्येक खासदार, मग तो सत्ताधारी बाकांवरचा का असेना, संसदेच्या हिशेबी ‘खासगी सदस्य’. या सगळ्यांची विधेयके सोडतीच्या रांगेत असतात. त्याआधी एक समिती ती वाचते आणि त्यांना ‘अ’ किंवा ‘ब’ वर्ग देते. ‘अ’ वर्गाला अग्रक्रम. म्हाडाच्या सोडतीत नाव निघाले की माणूस पेढे वाटतो. घर कधी मिळेल हा प्रश्न त्यानंतरचा. आपलेही तसेच आहे. नाव निघाले तर आपल्याला चर्चेचा मान मिळेल. कायद्याचे कुणी काही बोललेले नाही.

आता वेळ. लोकसभेचा नियम २६ सांगतो की, शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे. म्हणजे साधारण साडेतीन ते सहा. त्यातही एका शुक्रवारी विधेयके, तर दुसऱ्या शुक्रवारी ठराव. विधेयकाच्या वाट्याला पंधरवड्यातून अडीच तास. शुक्रवार कुणी निवडला असेल त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली जाण असावी. शनिवार-रविवार मतदारसंघात लग्ने, उद्घाटने, सांत्वने असतात. ती चुकवली तर पुढच्या वेळी आम्ही मतदार आपल्याला चुकवतो. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर खासदार विमानतळाकडे निघतात, यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही. सभागृहात गणपूर्तीसाठी एक दशांश सदस्य लागतात, ५४३ मध्ये ५५. त्या दुपारी ५५ डोकी मोजायला कुणी उठू नये, ही सगळ्यांची मूक विनंती असते. उठलाच, तर घंटा वाजते. आपल्या विधेयकासाठी कोण धावत येईल, याची मनाशी एक यादी करून ठेवावी.

आणि हे सगळे शुक्रवार आला तर. २०२३ चे हिवाळी अधिवेशन २२ डिसेंबरच्या शुक्रवारपर्यंत चालायचे होते. दोन्ही सभागृहे २१ तारखेच्या गुरुवारीच अनिश्चित काळासाठी तहकूब झाली. २०२० मध्ये करोनाकाळातल्या पावसाळी अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तास गेलाच, शिवाय सरकारच्या विनंतीवरून खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी एकही दिवस ठेवला नव्हता. सरकारची विधेयके मात्र त्याच अधिवेशनात झपाट्याने मंजूर झाली. त्यांना साथीची बाधा झाली नाही.

आपल्या विधेयकात खर्च आहे, म्हणून आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. घटनेच्या कलम ११७(३) प्रमाणे, ज्या विधेयकामुळे भारताच्या संचित निधीतून खर्च होणार, ते राष्ट्रपतींची शिफारस असल्याशिवाय सभागृहाला संमत करता येत नाही. राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे ज्या सरकारने हे काम केले नाही म्हणून आपण विधेयक आणलेत, त्याच सरकारने परवानगी दिली तर ते पुढे सरकणार. पोरांच्या शाळेला पैसे लागतात, हा आपल्या विधेयकाचा मूळ दोष. फुकटात होणारे काही सुचवले असते तर बरे झाले असते.

समजा हेही पार पडले. मग चर्चा होईल, आणि ती चांगली होईल, हे मी उपरोधाने म्हणत नाही. पक्षाचा दट्ट्या नसला की आपले सहकारी मोकळेपणाने बोलतात. बीडचे, अहिल्यानगरचे, सोलापूरचे, शिवाय बिहार आणि तमिळनाडूचेही खासदार उठतील, आपापल्या भागातल्या स्थलांतराचे दाखले देतील. अभ्यासू, संयत भाषणे होतील. समितीने दिलेले दोन तास संपतील, सभागृह वेळ वाढवून देईल, सहा वाजतील, चर्चा अपूर्ण राहील, पुढच्या खेपेला पुन्हा. मग एक दिवस मंत्रिमहोदय उत्तराला उभे राहतील. ते आपले कौतुक करतील. विषय महत्त्वाचा, भावना स्तुत्य, सरकार संवेदनशील, अमुक योजना आधीच सुरू आहे. आणि शेवटी म्हणतील, ‘सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावे, अशी माझी विनंती आहे.’ आपण सभागृहाचे आणि मंत्र्यांचे आभार मानून ते मागे घ्याल. बाके वाजतील.

अतिशयोक्ती वाटत असेल तर एक उदाहरण पाहा. बिहारचे भाजप खासदार जनार्दनसिंह सिग्रीवाल यांनी मतदान सक्तीचे करावे, असे विधेयक २०१९ मध्ये आणले. त्यावर एका अधिवेशनातून दुसऱ्या अधिवेशनात चर्चा रेंगाळत राहिली. ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्र्यांच्या उत्तरानंतर ते मागे घेतले गेले. देशातल्या प्रत्येकाने मतदान केलेच पाहिजे असे सांगणाऱ्या विधेयकावर सभागृहात मतदान झाले नाही. एवढा नेमका विनोद आमच्या गावच्या तमाशातल्या सोंगाड्यालाही सुचला नसता.

मागे घेतले नाही तर? पाच वर्षे संपली, लोकसभा विसर्जित झाली, की विधेयक व्यपगत. पुन्हा निवडून या, पुन्हा नोटीस द्या. बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी कामाची वेळ संपल्यावर कार्यालयाचा फोन न उचलण्याचा हक्क नोकरदारांना देणारे विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये मांडले. पुढच्या वसंतात ती लोकसभाच संपली. त्यांना ते पुन्हा मांडावे लागले. फोन अजून वाजतोच आहे.

नाउमेद करण्याचा हेतू नाही, म्हणून यशाच्या कथाही सांगतो. त्या मोजक्या आहेत, तेव्हा वेळ लागणार नाही. १९५२ पासून खासगी सदस्यांची १४ विधेयके कायदा झाली. संसदेतले कामकाज वृत्तपत्रांना निर्धास्तपणे छापता यावे, असा कायदा फिरोज गांधी यांनी १९५६ मध्ये असाच करून घेतला. वीस वर्षांच्या आत, आणीबाणीत, त्यांच्याच पत्नीच्या सरकारने तो रद्द केला. चौदांतले एक, १९६४ चे, खासदारांच्या पगार-भत्त्यांत दुरुस्ती करणारे होते. शुक्रवारी काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरावे. शेवटचे विधेयक लखनौचे अपक्ष खासदार आनंद नारायण मुल्ला यांचे, सर्वोच्च न्यायालयाची फौजदारी अपिलाची कक्षा वाढवणारे. त्याचा कायदा झाला १९७० साली. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

लंडनला काय आहे, असे विचाराल. तिथेही शुक्रवारच. अधिवेशनात १३ शुक्रवार राखीव आणि सोडतीत २० नावे. पण १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी आणि १९६७ मध्ये गर्भपातबंदी तिथे खासगी सदस्यांच्या विधेयकांनी उठवली. फरक एवढाच की तेव्हाच्या सरकारने, स्वतः नामानिराळे राहून, ती तडीस जायला जादा वेळ दिला.

परदेशाचे राहू द्या, परक्यांच्या राज्यातले आपलेच पाहा. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा शारदा कायदा हरविलास सारडा या बिनसरकारी सभासदाचा. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारा १९३७ चा कायदा मुंबईच्या डॉ. गोपाळराव देशमुखांचा, म्हणून तर त्याला देशमुख कायदा म्हणत. इंग्रजाच्या कायदेमंडळात बिनसरकारी माणसाचे विधेयक कायदा होऊ शकत होते. स्वराज्यात आम्ही ती जागा अधिक सन्मानाची केली, एवढेच.

आणि आपल्या विषयाचे मूळ पुरुष तर नामदार गोखले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव त्यांनी मार्च १९१० मध्ये मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला. ओळखीचे वाटते ना? पण गोखले तिथे थांबले नाहीत. वर्षभराने, मार्च १९११ मध्ये, त्यांनी विधेयकच आणले. तेही फार जहाल नव्हते : सरकारच्या मंजुरीने स्थानिक संस्थांना आपापल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करता यावी, इतकेच. सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत होते. विधेयक पडणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी मार्च १९१२ मध्ये त्यांनी ते मतास टाकायला लावले. बाजूने १३, विरोधात ३८.

साहेब, आमचे मागणे या दोन आकड्यांपुरतेच आहे. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अखेर १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, गोखल्यांच्या ठरावानंतर शंभर वर्षांनी. आणि आपली फडातली पोरे त्यातूनही निसटली, म्हणून तर आपल्याला विधेयक आणावे लागले. शंभर वर्षांपूर्वी या देशातल्या मुलांच्या शाळेला नेमका किती जणांनी विरोध केला, हे आज आम्ही सांगू शकतो. आपले विधेयक मागे घेतले गेले, तर शंभर वर्षांनी सांगायला काय उरेल? सगळे बाजूनेच बोलले, मंत्र्यांनीही कौतुक केले, आणि कायदा मात्र झाला नाही. या अडीच तासांची खरी करामत ती. तिथे कुणालाच ‘नाही’ म्हणावे लागत नाही. सरकार ‘नाही’ न म्हणता नकार देते, आपण हरल्याशिवाय परत येता, आणि दोष कुणाच्या माथी मारावा हे आम्हाला कळत नाही.

मोडता येते ही रीत. २४ एप्रिल २०१५ च्या शुक्रवारी राज्यसभेत द्रमुकचे तिरुची शिवा तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक घेऊन उभे होते. मंत्र्यांनी नेहमीप्रमाणे मागे घेण्याची विनंती केली. शिवांनी ऐकले नाही, मत घ्या म्हणाले. मग कुणाला उघड विरोध करवेना, आणि विधेयक आवाजी मतदानाने एकमताने संमत झाले. राज्यसभेने खासगी सदस्याचे विधेयक संमत करण्याची ती कित्येक दशकांतली पहिली वेळ. लोकसभेत ते पार पडले नाही, हे खरे. पण सरकारला त्या विषयावर स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि २०१९ मध्ये, पुष्कळ वेगळ्या रूपात का होईना, कायदा झाला.

तेव्हा मंत्रिमहोदय गोड बोलू लागले की आपण हात जोडून नम्रपणे ‘मतास टाका’ म्हणावे. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक संमत करता येणार नाही. पण ते विचारात घ्या, या आपल्या प्रस्तावावर सभागृह कौल देऊ शकते. तो पडला तर पडू द्या. ऊसतोड्यांच्या पोरांच्या शाळेला ‘नाही’ म्हणणारे कोण होते, त्यांची नावे आम्हाला कळू द्या. विभागणी मागितली तर ती नोंदली जातात. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याकडे बघायला आम्ही समर्थ आहोत. आपण मागे घेतलेत, तर बघायला आपण एकटेच उरता.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
मतदारयादीतला एक

ता. क. : चर्चेच्या आठवड्यात परतीचे तिकीट शनिवारचे काढावे, आणि आणखी ५४ जणांना काढायला लावावे. रविवारच्या लग्नाला आपल्या वतीने अक्षता आम्ही टाकू.