पंचावन्न इंची सीमाभाग

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या घराची बाहेरची खोली दहा बाय बारा. तीत एक दिवाण, दोन खुर्च्या, आईची पोथ्यांची पेटी आणि भिंतीत सुतारानं बसवून दिलेलं शोकेस. हे शोकेस एकवीस इंची टीव्हीच्या मापानं केलेलं. त्या वेळी मी सुताराला बजावलं होतं, पुढंमागं मोठा टीव्ही घेतला तरी त्यात बसला पाहिजे. त्यानं दोन इंच जास्त सोडले. पुढचा टीव्ही पंचावन्न इंचांचा निघाला.

हा टीव्ही आईच्या डोळ्यांसाठी घेतला, असं आमच्या घरात अधिकृतपणे मानलं जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आईला भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते, हे खरं. पण बारावीतला आमचा मुलगा म्हणाला, ‘आज्जीच्या डोळ्यांवर ताण येऊलालाय.’ आज्जीनं लगेच ताण आल्यासारखे डोळे मिटले. दोघांचं आधीच ठरलेलं होतं, हे मला बिल दिल्यावर कळलं.

पंचावन्न इंच हे तिरकं माप, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आडवा धरला तर टीव्ही चार फूट, उभा सव्वादोन फूट. दुकानदार तिरकं मोजतो, सुतार आडवं मोजतो आणि बायको पैशात मोजते. शोकेस माळ्यावर गेलं. दिवाण मागं सरकवता सरकवता भिंतीला टेकला, तरी आम्ही टीव्हीपासून सहा फुटांवरच. बातम्या लागल्या की निवेदक आमच्याकडं जेवायला आल्यासारखा वाटायचा.

आईची मालिका साडेआठला संपते. पहिल्याच रात्री आठ एकतीसला मुलानं आपला कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणला, एचडीएमआयची वायर खुपसली आणि ‘क्रिकेट ०७’ सुरू केलं. हा खेळ माझ्या मुलापेक्षा वयानं मोठा आहे, तरी पोरं अजून तोच खेळतात. नवे खेळाडू, नवे कपडे कुठूनतरी आणून त्याला घालतात. मी म्हटलं, एक डाव मीही खेळतो. युनियन जिमखान्याच्या मैदानाबाहेर उभं राहून मी पुष्कळ क्रिकेट बघितलेलं आहे.

पहिल्या चेंडूला मी त्रिफळाचीत झालो. दुसऱ्या फलंदाजाचंही तेच. माझ्या डोळ्यांदेखत चेंडू स्टंपाला लागायचा आणि त्यानंतर माझा फलंदाज सावकाश, देवाला फूल वाहावं तशी बॅट पुढं करायचा. अकरा जण चौदा धावांत आटोपले. मुलगा दिवाणावर लोळून हसत होता. मी म्हटलं, ‘हा टीव्ही उशिरा दाखवतो.’ आई म्हणाली, ‘लहानपणीबी असंच सांगायचास. मास्तरांनी उशिरा शिकवलं म्हणून.’

पण ह्या खेपेला माझ्या बाजूनं विज्ञान निघालं. टीव्हीकडं आलेलं चित्र तो आहे तसं कधीच दाखवत नाही. आधी त्याला रंग चढवतो, कडा कोरतो, दोन चित्रांच्या मध्ये आपल्या मनचं एक तिसरं घुसवतो आणि मग पडद्यावर सोडतो. नवरी नटून बाहेर यायला वेळ लागतोच. मालिका बघताना हा उशीर कळत नाही, कारण मालिकेत तसंही काही घडत नसतं. खेळात मात्र सेकंदाला साठ चित्रं असतात. त्यातल्या सहा चित्रांएवढी जरी दिरंगाई झाली तरी सेकंदाचा दहावा भाग गेला, आणि तेवढ्यात आपला ऑफस्टंपही गेला. ह्यावर टीव्हीतच औषध असतं, त्याला ‘गेम मोड’ म्हणतात. तो लावला की टीव्ही नटणंमुरडणं सोडून चित्र जसं येतं तसं पुढं ढकलतो. मुलाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यानं निमूट गेम मोड लावला. मी पुन्हा पहिल्या चेंडूला त्रिफळाचीत झालो. त्यानंतर विज्ञानाचा विषय आमच्या घरात कुणी काढला नाही.

पुढच्या आठवड्यात निपाणीहून तात्या आले. तात्या म्हणजे माझे धाकटे काका, वय शहात्तर. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. अजून शिंकले की जर्द्याचा वास येतो, असं आई म्हणते. तात्या सहा वर्षांचे असताना ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री मुंबई राज्यात झोपले आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठले. ती झोपमोड त्यांनी आजतागायत माफ केलेली नाही. दर १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून ते सीमाप्रश्नाच्या मोर्चाला असतात. कॉलेज त्यांनी देवचंदला केलं. ते आहे निपाणीला लागूनच अर्जुननगरात, पण अर्जुननगर कागल तालुक्यात. म्हणजे तात्या सायकलीवर टांग टाकायचे आजच्या कर्नाटकात आणि हजेरी लावायचे महाराष्ट्रात. रोज दोनदा सीमा ओलांडणारा माणूस असा घरात शिरला, आणि समोर चार फुटी पडदा.

त्या वेळी मुलगा मोबाइलवरचा बसचा खेळ टीव्हीवर टाकून चालवत होता. खेळ मुळात इंडोनेशियाचा, पण बसला हवा तो रंग देता येतो. पोरानं आपली महाराष्ट्राची लालपरी रंगवून घेतली होती आणि ती नारळीच्या बनातून निघाली होती. तात्या चप्पल न काढता उभेच राहिले.

‘कुठली गाडी?’

‘कोल्हापूर-बेळगाव, आजोबा.’

‘मग तवंदी घाट कुठं गेला?’ थोड्या वेळानं, ‘हॉर्न वाजीव की.’ आणखी थोड्या वेळानं, ‘वातावरण कसं हाय बघून सोड गाडी. न्हाईतर कोगनोळीतनं माघारी घालवत्यात.’

हे मात्र अनुभवाचे बोल. जरा कुठं ठिणगी पडली की दोन्हीकडच्या एसट्या सीमेवर येऊन थांबतात आणि प्रवासी बोचकी घेऊन चालत राज्य बदलतात. मुलानं आजोबांच्या शब्दाला मान देऊन इंडोनेशियात गाडी वळवली.

ह्या टीव्हीचा रिमोट तोंडी हुकूमही ऐकतो. तात्यांना हे भारी आवडलं. निपाणीची मराठी ‘कराय लागलोय’ म्हणते, आमची बेळगावची ‘करूलालोय’, आणि रिमोटला दोन्ही झेपत नाहीत. तात्या रिमोट तोंडाशी धरून म्हणाले, ‘आवाज जरा बारीक कर की गा.’ पडद्यावर पोट बारीक करण्याचे सात उपाय आले. तात्यांनी ते सातही वाचले.

जेवणं झाल्यावर तात्यांनी पिशवीतून गुळाची ढेप काढली आणि तिच्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ‘माळा आवराय लागलो हुतो. तुजं असंल.’

माझा व्हिडिओ गेम. पिवळी कॅसेट, दोन कंट्रोल आणि लाल-करडी बंदूक.

१९८३ साली जपानात निन्टेन्डोनं ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र काढलं. निपाणीत आमच्यापर्यंत पोचली ती त्याच्या नकलेची नक्कल. कॅसेटवर ९९९९ खेळ लिहिलेले. प्रत्यक्षात खेळ दहा-बारा, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे, सहकारी संस्थेच्या संचालक मंडळासारखे. वडिलांच्या शटरवाल्या टीव्हीवर तिसऱ्या चॅनेलला तो सापडायचा. सापडेपर्यंत मुंग्या. अ‍ॅडॅप्टर इतका तापायचा की त्यावर पापड भाजावा. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा लावायची. फुंकरीनं काही होत नसे म्हणतात, पण आमच्या लहानपणी सगळ्या दुखण्यांवर फुंकर हाच पहिला इलाज होता, गुडघा फुटला तरी. ‘कॉन्ट्रा’त तीस जीव मिळवायची बटणं, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पाढे अजून झालेले नाहीत.

नव्या टीव्हीच्या पाठीमागं पिवळ्या-पांढऱ्या वायरीची भोकं एका कोपऱ्यात लपलेली निघाली, अडगळीच्या खोलीत झोपवलेल्या म्हाताऱ्यासारखी. वायर लावली. फुंकर मारली. आणि चार फुटी पडद्यावर मारिओ आला.

पण हा माझा मारिओ नव्हता. जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन, नव्याचं सोळास नऊ. जुनं चित्र ताणून बसवलं की सगळी सृष्टी एक तृतीयांशानं रुंद होते. आधीच गोलमटोल असलेला मारिओ पतपेढीचा चेअरमन दिसायला लागला. मुलानं सेटिंगात जाऊन चित्र मूळ मापावर आणलं. मारिओ बारीक झाला, पण दोन्ही अंगांना सहा-सहा इंचांचे काळे पट्टे उभे राहिले.

‘ह्यानं का काळी फीत बांधलीया?’ तात्यांनी विचारलं.

बायको वेगळ्याच मुद्द्यावर होती. ‘चार फुटाचे पैसे दिलेत ना? मग फूटभर टीव्ही काळा कशाला?’ तिचं म्हणणं, चित्र ताणा. तात्यांचं म्हणणं, ज्याचं त्याचं माप ज्याला त्याला द्या, ओढाताण नको. ‘पर ह्यो पट्टा कुणाचा?’ मुलगा म्हणाला, टीव्हीचा आहे, पण गेममध्ये धरत नाहीत. तात्यांनी पट्ट्याकडं जरा आपुलकीनं बघितलं. प्रकरण जैसे थे ठेवायचं ठरलं.

मग मी बंदूक काढली. बदकं मारायचा खेळ. निपाणीच्या उरुसात फुगे फोडायच्या बंदुकीनं मी कधी एक फुगा फोडला नव्हता, पण ह्या बदकांना मी यमासारखा होतो. नेम धरला, चाप ओढला, बदक हसत उडून गेलं. पुन्हा ओढला. तेच. शेवटी पडद्याला नळी टेकवून झाडली, तरी बदक अमर. कारण ती बंदूक काही सोडतच नाही. ती उलट बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो टिपतो. हे सगळं जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या तालावर बेतलेलं. नवा टीव्ही चौकोन दाखवेपर्यंत बंदुकीचे डोळे मिटलेले. म्हणजे ह्या खेपेला खरोखरच टीव्ही उशिरा दाखवत होता. मी हे मोठ्यांदा सांगितलं. कुणी वर बघितलं नाही.

रात्री अकराला सगळे झोपले असं समजून मी पाणी प्यायला उठलो, तर बाहेरच्या खोलीत उजेड. तात्या दिवाणावर मांडी घालून, कंट्रोल अडकित्त्यासारखा धरून बसलेले. मारिओ पडद्याच्या अगदी डाव्या कडेला, पट्ट्याला नाक लावून, जागच्या जागी पाय मारत होता.

‘ह्यो मागं का जाईना?’

मी शेजारी बसलो. ‘त्याला मागं जाता येत नाही, तात्या. पडदा एकदा उजवीकडं सरकला की डावीकडचं बंद. १९८५ चा गेम आहे, तेव्हा तसंच होतं.’

‘डावीकडं काय हुतं?’

‘काही नाही. सुरुवात होती.’

‘नकाशात डावीकडं कोल्हापूर येतंय,’ तात्या म्हणाले. बोट बटणावरून हललं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात वेळ उलटा मोजत होता. दोनशे दहा, दोनशे नऊ.

‘पुढं चला की. पुढं किल्ला आहे, राजकन्या आहे.’

‘सीमाभागातली आठशे पासष्ट गावं सोडून?’ त्यांनी विचारलं. ‘आमची केस २००४ पासनं कोर्टात हाय. ह्याची कुणी घातलीया काय?’

नव्वद. ऐंशी. बाजे वेगात वाजायला लागले. मारिओ पट्ट्याला धडका देत होता. शून्य झालं आणि तो टोपी वर करून खाली पडला.

‘वेळ संपला, तात्या. मेला तो.’

‘अजून दोन जीव हाईत,’ तात्या म्हणाले. मारिओ पुन्हा उभा राहिला. तात्यांनी त्याला चार पावलं उजवीकडं नेलं, थांबवलं आणि डावं बटण दाबून धरलं.