पिवळ्या गेटवाल्या वहिनींचा तिळगूळ

अहो, ऐकलंत का! अशा इकडे या, कुंपणापाशी. जास्वंदीला पाणी नंतर घाला, ती कुठे पळून जात नाही. पिवळ्या गेटवाल्या वहिनींचं कळलं ना? म्हणजे अर्धंच कळलंय तुम्हाला. पुरतं मला माहितीय.

नाव नाही हं घेत मी कुणाचं. आपल्याला काय करायचंय. पण हे सगळं सुरू झालं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, बँकवाल्या काकूंकडे. तुम्ही तेव्हा माहेरी होतात. काकूंनी चिक्कीच्या गुळाचे लाडू केलेले, वर काजूचा तुकडा, मसाला दूध, सगळं अगदी साग्रसंगीत. आणि वहिनींनी काय करावं? लाडू हातावर घेतला, हसल्या, म्हणजे ते त्यांचं नेहमीचं ओठ मिटून हसणं, आणि लाडू सरळ रुमालात बांधून पर्समध्ये! दूध नको, चिवडा नको. साधं पाणी तेवढं प्यायल्या. काकूंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पाक करपल्यावर होतो ना, तस्सा.

मला स्वयंपाकघरात ओढून म्हणतात कशा, "तिळगूळ खायचा नाही म्हणजे गोड बोलायचं नाही, हाच अर्थ ना हो?" मी आपलं म्हटलं, असेल काही पथ्य. पण मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग काय विचारता! आळीभर तर्क. भिशीवाल्या म्हणाल्या, शुगर निघालीय. त्यांच्या जावेनं सांगितलं, छे, डाएट आहे, डिसेंबरात लेकीचं लग्न ना. आणि वहिनींचं बोलणंही बदललेलं हो! 'संक्रांत' म्हणताना तो 'स' जरा जिभेवरून घसरायचा. कुणाकडे गेल्या की आधी बेसिन कुठेय विचारणार. वर पर्समध्ये ती गोल डबी. शेवग्याखालच्या आजींनी डबी पाहिली आणि माझ्या कानाशी लागल्या, "मिश्री लावते गं ती. माझी थोरली नणंद अश्शीच डबी घेऊन मोरीत जायची." मी पदराआड हसले. पण खोटं कशाला बोलू, दोन घरी सांगितलंही. 'आजी म्हणतात' असं सांगितलं हं, माझं म्हणून नाही.

तर काय सांगत होते... हां, बारसं!

बँकवाल्या काकूंच्या नातीचं. वहिनी आल्या, आणि यावेळी चक्क जेवायला बसल्या. काकू खूश. पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा, सगळं रीतसर. जेवण आटोपलं, केटररच्या पोरानं ताटं उचलली, आणि वहिनी एकदम पांढऱ्याफटक. "माझा... इथे कागदी रुमाल होता हो, घडी केलेला." सगळ्यांना वाटलं, कुडी गेली. भिशीवाल्यांना वाटलं, नथ. पाच बायका त्या उष्ट्याच्या पिंपात वाकलेल्या, डोळ्यांपुढे आणा म्हणजे! "सोन्याचं आहे का?" "नाही." "मोत्याचं?" "नाही हो, पारदर्शक आहे." आता पारदर्शक वस्तू मठ्ठ्यात शोधायची कशी?

आणि सापडली कुणाला? शेवग्याखालच्या आजींना. दोन बोटांत धरून उजेडाला लावली आणि भरल्या घरात म्हणाल्या, "अगंबाई, कवळी! पण ही माझी नव्हे. माझी तोंडात आहे."

अहो, पाळण्यातलं पोर सोडून सगळे हसले. मग वहिनीच बोलल्या. म्हणाल्या, "कवळी नाही आजी, अलाइनर. दात सरळ करतेय मी." आणि खोलीत अशी शांतता की पंख्याची कुरकुर ऐकू आली. त्रेपन्नाव्या वर्षी! तारा लावायच्या त्या शाळेतल्या पोरांनी, आपल्या वयाला तर दात आहेत तेच देवाचे उपकार. पण वहिनी काय म्हणाल्या माहितीय? डॉक्टर म्हणतात वयाचं काही नाही, हिरड्या आणि हाड धड हवं. आधी हिरड्यांची सफाई केली, एक्स-रे काढले, दोन दात भरले, मगच पुढचं. आणि ते डॉक्टरही साधे नव्हेत बरं का. दातांचं शिक्षण झाल्यावर वर तीन वर्षं नुसतं दात सरळ करण्याचं एमडीएस.

तोंडात ती पेनासारखी वस्तू फिरवून स्कॅन केलं म्हणे. पूर्वी तो गुलाबी लगदा तोंडात कोंबायचे ना, ओकारी यायची, तसलं काही नाही. कॉम्प्युटरवर दाताबरहुकूम दात उभे राहिले. मग मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आम्हाला, वाकडे दात एकेक सरकत रांगेत येतात. बँकवाल्या काकू चष्मा लावून म्हणाल्या, "मोबाइलमधले हलतात हो, तोंडातले हलतील तेव्हा खरं." आणि तेही खोटं नाही. वहिनींनीच कबूल केलं, व्हिडिओ हा नुसता बेत. दात कधी मागे रेंगाळतात, मग पुन्हा स्कॅन, पुन्हा थोडे ट्रे.

चोवीस सेट आहेत त्यांचे. दहा दहा दिवसांनी नवा. एक सेट दाताला सरकवतो किती? फार तर पाव मिलिमीटर! मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? तर म्हणे दात काही भिंतीत खुंटी ठोकावी तसा हाडात ठोकलेला नसतो. मधे बारीक धाग्यांची गादी असते. हळू दाबत राहिलं की दाबाकडचं हाड विरतं आणि मागच्या बाजूला नवं भरत येतं. घाई केली तर मुळाला अपाय. मला एकदम आपल्या सासूबाईंची आठवण झाली, त्याही अशाच... जाऊ दे, तो विषय वेगळा.

दातांवर तांदळाच्या कणीएवढे दाताच्याच रंगाचे ठिपके चिकटवलेत, ट्रेला पकड मिळावी म्हणून. दाटी होती तिथे दोन दातांमधून बारीक पट्टी घासून केसाएवढी जागा केली. ऐकूनच माझ्या दातांना शिरशिरी आली, पण दुखत नाही म्हणे. नवा सेट घातला की दोन दिवस ठणकतं, तेवढंच. आणि तो घसरलेला 'स'? तोही आठवड्यात ताळ्यावर आला.

आता मुख्य ऐका. हे दिवसाचे बावीस तास तोंडात हवं! चोवीसातून बावीस गेले, उरले किती? दोन. त्यात नाश्ता, दोन्ही जेवणं, चहा आणि दर वेळी दात घासणं. अहो, माझा सकाळचा चहाच पेपरासकट पाऊण तास चालतो! आणि ट्रे घालून चहा चालत नाही. गरम लागलं की प्लॅस्टिक वाकडं व्हायची भीती, गोड आत अडकलं की कीड, आणि आपली हळद तर काय... एकदा घाईत ट्रे घालूनच आमटी-भात खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी दात असे पिवळेधमक, जणू तोंडालाच हळद लागलीय. लेकीच्या आधी आईची! साधं पाणी तेवढं चालतं. म्हणजे हळदीकुंकवाला एका संध्याकाळी सात घरं, सात वेळा काढा, खा, घासा, घाला. बाई तिळगूळ रुमालात बांधणार नाही तर काय करणार?

तेव्हा काकूंचा चेहरा पडला हो. अगदी उतरला. रोज भिशीत त्या लाडवाचं निघायचं ना.

किंमत? हां, मला वाटलंच तुम्ही विचारणार. वहिनी बोलल्या नाहीत. पण त्यांचे यजमान आमच्या ह्यांना म्हणाले, "स्कूटी घेतली असती तर निदान बसून हिंडता आलं असतं." यावरून काय ते समजा. भिशीवाल्यांचा भाचा म्हणाला, मी ऑनलाइन निम्म्यात मागवतो, घरीच ठसा घ्यायचा, डॉक्टरचं तोंड बघायला नको. वहिनी म्हणाल्या, तोंड डॉक्टरनंच बघायला हवं ना बाळा, आतलं हाड बघणार कोण? अमेरिकेत ती स्माइल डायरेक्ट क्लब नव्हती का, टपालानं अलाइनर पाठवणारी? 2023 च्या डिसेंबरात दुकान बंद केलं, आणि लोक अर्ध्या सरकलेल्या दातांनिशी वाऱ्यावर. भाचा गप्प.

आणि ही युक्ती काढली कुणी, तर दातांच्या डॉक्टरनं नाहीच! वहिनींच्या लेकीनं सांगितलं. स्टॅनफर्डला एमबीए करणारा एक मुलगा, झिया चिश्ती. मोठेपणी तारा लावलेल्या, निघाल्यावर प्लॅस्टिकचा रिटेनर मिळाला. घालायचा कंटाळा केला की दात जरा हलायचे, परत घातला की जागेवर यायचे. त्याच्या डोक्यात आलं, शेवटचं एवढं हे प्लॅस्टिक करतं, तर पहिल्यापासून का नाही? वर्गातल्या केल्सी वर्थला घेऊन 1997 मध्ये कंपनी काढली, पुढच्याच वर्षी तिकडच्या सरकारी खात्याची परवानगी. दोघांपैकी एकानंही कधी कुणाचा दात उपटलेला नाही! तेव्हाच्या डॉक्टरांचे चेहरे कसे झाले असतील... बँकवाल्या काकूंसारखे, दुसरं काय.

पण सगळ्यांनाच जमतं असं नाही हं. जबडाच पुढे-मागे असेल तर तारा, कधी ऑपरेशनसुद्धा. काकूंच्या मोठ्या नातवाला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "तू डबा शाळेत विसरतोस, ट्रेही विसरशील. तुला ताराच." आणि संपल्यावरही सुटका नाही. रात्री रिटेनर घालायचा, जन्मभर. आजी म्हणाल्या, "म्हणजे नवऱ्याच्या घोरण्यासारखं."

पण एक सांगू का... हे जरा हळू बोलते. काकूंनी विचारलंच, "एवढा खटाटोप कशाला गं या वयात?" वहिनी म्हणाल्या, "माझ्या लग्नातला एक फोटो दाखवा जिथे माझं तोंड उघडं आहे. लेकीच्या लग्नात तरी खदखदून हसू दे." आणि मग मला आठवलं. वीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन. वीस वर्षं आपण म्हणतोय, बाई शिष्ट आहे, मोकळं हसत नाही. तुम्ही म्हणालात, मीही म्हणाले. ओठांवर तो हात असायचा, तो एकीलाही दिसला नाही. आणि एक लाडू नाही खाल्ला, तर आळीभर दिसलं! अहो, न दिसणारे ट्रे म्हणून विकतात ना ते? आपल्याकडे चहाला 'नको' म्हणून बघा, गच्चीवरून दिसतं.

आता सगळं गोड आहे हं. काल काकूंनी चहा विचारला, वहिनी 'नको' म्हणाल्या, आणि काकू 'बरं' म्हणाल्या! आग्रह नाही, घोटभर नाही, माझी शपथ नाही. नुसतं 'बरं'. बेसिनपाशी वहिनींसाठी एक वाटीसुद्धा ठेवलीय.

ही एवढी माया कुठून आली, विचारा ना! विचारा! गुरुवारी बँकवाल्या काकू त्याच दवाखान्याच्या जिन्यात. डोक्यावरून पदर, हातात एक्स-रेचं पाकीट, इकडेतिकडे बघत वर चढत होत्या. कुणाला बोलू नका हं.

मला कशा दिसल्या?

अहो, त्या चढत होत्या तेव्हा मी उतरत होते ना.