सिगारेट सोडा, व्याकरणाने

नवस नको, डॉक्टर नको. एक कागद आणि पेन्सिल पुरे.

१. 'आय'ला चिकटून 'यूज्ड टू' लिहा, पुढे मूळ क्रियापद. 'आय यूज्ड टू स्मोक.' सुटली सिगारेट! 'पूर्वी ओढायचो' याला जोडून 'आता ओढत नाही' हा अर्थ बहुधा फुकट मिळतो. उच्चार 'यूस्टू'. मधला 'ड' गिळून टाका.

२. हे औषध चांगल्या सवयींना लावू नये. मुलाखतीत 'आय यूज्ड टू वर्क हार्ड' म्हणालात, तर साहेब समजतात की ते दिवस गेले. लग्नाच्या वाढदिवशी 'आय यूज्ड टू लव्ह माय वाइफ' म्हणण्याआधी केकची सुरी कुणाच्या हातात आहे ते बघा. चालू सवयीला साधा वर्तमानकाळ बरा. 'आय यूज टू गो डेली' हे आपलं लाडकं वाक्य तेवढं विसरा. या 'यूज्ड टू'ला वर्तमानकाळच नाही.

३. मध्ये 'ॲम' घातलंत की कारभार उलटतो. आता अर्थ 'अंगवळणी पडलंय', आणि पुढे नाम किंवा 'इंग'वालं रूप हवं. 'आय ॲम यूज्ड टू स्मोकिंग' म्हणजे ओढणं अंगवळणी पडलंय. 'इंग' विसरून नुसतं 'आय ॲम यूज्ड टू स्मोक' म्हणालात, तर 'स्मोक' नाम ठरतं आणि तुम्ही चुलीपुढच्या आजी होता: धुराची सवय आहे हो मला!

४. सवय अजून लागतेच आहे? 'गेटिंग' घाला. लोकलच्या गर्दीत नव्याने शिरलेल्यांसाठी उपयुक्त.

५. 'डिड' आला की 'ड' गळतो: 'डिडन्ट यूज टू'. भूतकाळाचं ओझं 'डिड' एकटा वाहतो.

६. आठवणींत रमायचं असेल तर 'वुड' घ्या. आजोबा पहाटे उठत, नदीवर जात, हा आपला रीतिभूतकाळ त्यात छान बसतो. पण 'वुड' कृतींपुरताच. आजोबा तेव्हा सडपातळ होते, हे सांगायला पुन्हा 'यूज्ड टू'कडेच यावं लागतं.

आपल्याकडे एवढी कटकट नाही, असं मात्र समजू नका. 'मी झाडावरून पडायचो' हा भूतकाळ, आणि 'अरे, पडायचास!' ही पुढच्या क्षणाची धास्ती. आईचा आवाज ऐकून पोरगं काळ ओळखतं आणि खाली उतरतं.

आता घरी जाऊन सरळ मराठीत सांगा, "मी सिगारेट ओढायचो."

बायको शर्टाचा वास घेऊन विचारेल, "किती वाजेपर्यंत?"