घरचा केक : स्वरूप आणि उपयोग

घरचा केक हा प्रियजनांना भेट म्हणून दिला जाणारा व नाकारता न येणारा पदार्थ होय. २०२० च्या टाळेबंदीत तो महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. ओव्हन नसल्यास शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरच्या तळाशी मीठ पसरून तो भाजतात. ते मीठ पुढे भाजीत घालत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत. जुन्या बरणीत ठेवतात. बिनअंड्याच्या प्रकारात दह्यातील आम्ल व खाण्याचा सोडा यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण फुगते. सोडा जास्त झाल्यास केकला साबणाची चव येते. तिला ‘वेगळी चव’ म्हणतात. भाजताना सारखे झाकण उघडल्यास केक मधोमध बसतो. खळगा क्रीमने बुजवण्याच्या क्रियेला सजावट अशी संज्ञा आहे. सजावटीचे विषय ठरलेले असतात : आईसाठी पैठणी, काकांसाठी क्रिकेटचे मैदान. दोन्ही हिरवी निघाल्यास कोणते काय, हे करणाऱ्याने आधीच सांगावे. अखेरीस ‘बाहेरच्यापेक्षा छान’ हा अभिप्राय मिळतो. तो देणाऱ्याला पुढच्या वाढदिवशीही केक मिळतो.