करड्याचं आघाडी सरकार

नगरजवळच्या डोंगरावरचा चांदबीबीचा महाल म्हणजे मुळात सलाबतखानाची कबर. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी तिथंच जातात, ते असो. ‘क्लासिक’ दिसावेत म्हणून फोटो कृष्णधवल करतात. स्क्रीनवर कमानी काळ्याभोर, शालू लख्ख. प्रिंट आली की नवरदेव उन्हात हिरवट आणि ट्यूबलाइटखाली जांभळट!

लॅबवाला स्क्रीनला बोल लावतो, आपण शाईला. नुसती काळी शाई वापरली तर छपाई खरखरीत दिसते, म्हणून साधा प्रिंटर निळी, किरमिजी आणि पिवळी मिसळून करडा जमवतो. तिघांचं आघाडी सरकारच ते. उजेड बदलला आणि एक जरा वरचढ झाला की रंग फुटला. त्यात स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद उसना उजेड परत करतो. त्यामुळे शालू कोऱ्या कागदाहून पांढरा छापणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही.

स्क्रीन आणि कागदातल्या या तफावतीवर इलाज आहे. स्क्रीनचा उजेड दर चौरस मीटरला शंभर कँडेलाच्या आसपास उतरवायचा, ती कॅलिब्रेट करायची, कागदाचं प्रोफाइल लावायचं. पण ब्राइटनेस कमी करताच गिऱ्हाईक ओरडतं, ‘फोटो डल झाला की हो!’

म्हणून लॅबवाले आता सेपिया, म्हणजे जुन्या फोटोंसारखी पिवळट तपकिरी छटा सुचवतात. पिवळटपणा मुद्दाम केलाय म्हटलं की बिलात त्याचे वेगळे पैसेही लावता येतात.