लाल कार्ड कुणाला?

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आरोग्य खातं गावोगावच्या पाण्याची परीक्षा घेतं. विहिरीभोवती चिखल आहे का, पाइप गळतो का, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर किती आणि ठेवली कुठे, सगळं बघतात. उघड्या पोत्यातली पावडर दमट होऊन तिचा दगड झाला असेल, क्लोरीन २० टक्क्यांखाली गेलं असेल, तर वहीत नोंद होते. मग ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: हिरवं, पिवळं किंवा लाल. लाल मिळालं की सरपंच आणि ग्रामसेवक दोघांना पंचायत समितीत बोलणी.

परीक्षा चांगली आहे, चालू राहावी. तक्रार एवढीच, की पेपर तपासणारा स्वतः कधी पेपरला बसत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीत घालून चार माणसं डोंगर उतरतात. खाली उपकेंद्राला कुलूप. विचारायचं कुणाला? अर्थात सरपंचाला. मतं त्याला दिली ना!

आता सरपंचाच्या हातात काय आहे ते बघू. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, पण त्यातला वैद्यकीय अधिकारी राज्य सरकारचा. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा. अंगणवाडी महिला व बालविकासकडे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांचं, ते पुन्हा राज्याचे. २०२० पासून नंदुरबारला वैद्यकीय महाविद्यालयही आहे, पण ते वैद्यकीय शिक्षण खात्याचं. धडगावहून १०८ लावला, आणि रेंज असलीच, तर फोन वाजतो पुण्यात. औषधांची खरेदी २०१७ साली हाफकिनकडे गेली, २०२३ मध्ये तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. दोन्हींचा पत्ता मुंबई.

सरपंचाकडे उरली टीसीएल.

तरी कागदावर गाव राजाच आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत आरोग्य, दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींच्या यादीत घातली. कोरोनानंतर आरोग्य व्यवस्था सुधारायची हाक उठली तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या नावाने पाच वर्षांसाठी ७०,०५१ कोटी रुपयांचं आरोग्य अनुदान सुचवलं. स्थानिक संस्थांच्या *नावाने* हे नीट वाचा. लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव असतं, हॉल आणि आचारी काका ठरवतात, तसलं हे नाव. कुठली इमारत, कुठलं यंत्र, हे वरून ठरून येतं. खाली ठराव लागतो, तोही नमुन्यासकट मिळतो.

गावाच्या खऱ्याखुऱ्या हातातला पैसाही आहे बरं का. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावच्या आरोग्य समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी ठरला. दिवसाला २७ रुपये. त्या समितीचं पूर्ण नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. नावातल्या प्रत्येक कामाला पावणेसात रुपये येतात. अबंधित म्हणजे कसाही खर्च करा. करून दाखवा.

वरच्या पायरीवर तर मौजच आहे. नंदुरबार जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली. पाच वर्षांनी मुदत संपली, नवी निवडणूक आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात अडकली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मग ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, अंमलबजावणीही त्यांचीच. गणपूर्तीची चिंता नाही, विरोधकांचा गोंधळ नाही. स्थानिक स्वराज्यातून लोकांनी निवडलेली माणसं वजा केली की कारभार किती सुरळीत होतो!

सदस्य होते तेव्हा फार दिवे लागले होते, असंही नाही. आरोग्य समितीत सगळ्यात रंगणारा विषय म्हणजे इमारत. इमारतीला ठेकेदार असतो, डॉक्टरला नसतो. म्हणून इमारती उभ्या राहतात आणि डॉक्टरची जागा रिक्त राहते.

कुणीतरी लगेच म्हणेल, ऑक्सिजनचं काय? बरोबर. २०२१च्या दुसऱ्या लाटेत देश सिलिंडरमागे पळत होता, तेव्हा नंदुरबारने आपला ऑक्सिजन आपण तयार केला. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, स्वतः डॉक्टर आणि स्वतः भिल्ल, यांनी लाट येण्याआधीच प्रकल्प उभे केले होते. पैसा आणि निर्णय जिल्ह्यातच एका टेबलावर आले, म्हणून काम झालं. हा धडा होता. आपण त्यातून घेतला एक सत्कार. पुढे साहेबांची बदली झाली. चांगल्या अधिकाऱ्याची बदली होतेच. ग्रामसभेची करता येत नाही, म्हणूनच व्यवस्था तिच्या भरवशावर हवी.

आणि गावाला यातलं काही कळत नाही, ही थाप तर कधीच उघडी पडली आहे. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावांनी दवाखान्याला गुण दिले, रंगही दिले: चांगलं, बरं, वाईट. जनसुनवाईत बायाबापड्यांनी डॉक्टरांसमोर उभं राहून विचारलं, सुई फुकट असताना पैसे कसले घेता? साहेबांना जाहीर उत्तर द्यावं लागलं. पण तो पडला प्रकल्प. प्रकल्पाचा निधी आटला की प्रश्न विचारायची परवानगीही आटते.

खरं तर परवानगीची गरजच नाही. जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीतला. १९९६चा पेसा कायदा सांगतो की अशा भागात सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतींना असावा. केरळने त्याच सुमाराला प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींच्या हवाली केली, नियोजनाच्या पैशाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा खाली सोडला, आणि आज तिथल्या पंचायती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी नर्स पाठवतात. आपण ग्रामसभेला नियंत्रण दिलं, फक्त नियंत्रण करायचं काही दिलं नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. डॉक्टर, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी यांची महिन्याची हजेरी ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि तिच्या शेऱ्याशिवाय पगारपत्रक पुढे सरकू देऊ नका. रुग्णवाहिकेचं डिझेल आणि टायर यांचा पैसा आरोग्य केंद्राखालच्या ग्रामपंचायतींच्या संयुक्त खात्यावर टाका. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांची यादी पंचायतीने ठेवावी आणि त्यांची पोरं परत आली की आठवड्याच्या आत वजनकाट्यावर चढवावीत. ज्या जिल्ह्यात पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं वजनाने कमी भरतात, तिथे हे कलम पहिलं.

यावर साहेबांचा आक्षेप ठरलेला: सरपंच डॉक्टरला छळतील. छळतीलही एखादे. म्हणून शेरा सरपंचाचा नको, भरल्या ग्रामसभेचा हवा. आणि डॉक्टरच्या क्वार्टरला पाणी, वीज, दाराला कडी नसेल, तर तो जाब पंचायतीने द्यावा. सौदा दोन्ही बाजूंचा.

दुसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही: या अडाणी पाड्यांना हिशेब जमायचा नाही. वनहक्काच्या दाव्यासाठी सातपुड्याच्या उतारावरची शेतं जीपीएस घेऊन मोजून काढणाऱ्या पोरांना महिन्याचे तीस दिवस मोजता येणार नाहीत, असं मानायला फार मोठी पदवी लागते.